लिफ्टपाशी थांबलेली दोन मिनिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक महोदय. त्यांच्या शेजारी बसलेले, चार वाक्यांत भाषण उरकून आम्हा बाकीच्यांना अडचणीत आणणारे आमचे विभागप्रमुख डॉक्टरसाहेब. ज्यांच्या निवृत्तीचं निमित्त करून आपण सगळ्यांनी आज कामाला अर्ध्या दिवसाची दांडी मारली आहे त्या आमच्या ताई. त्यांना न्यायला परगावाहून आलेल्या त्यांच्या धाकट्या भगिनी. माझे सहकारी, परिचारिका, नोंदणीच्या खिडकीवरची मंडळी, आणि मागे दाराशी उभं राहून भाषणं कधी संपतायत याचा अंदाज घेणारे सर्व सज्जन, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला इथे गॅसमास्तर म्हणतात. हे नाव ताईंनीच ठेवलं. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बारा वर्षं मी गॅस तयार करतो आहे. माणसांपुढे बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर आजच्या यादीत माझं नाव कुणी घातलेलंही नव्हतं. मीच परवा अध्यक्ष महोदयांकडे गेलो आणि म्हणालो, मला दहा मिनिटं द्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्यांचं काय चुकलं? बारा वर्षांत मी त्यांच्याकडे गेलो तो फक्त द्रव नायट्रोजनची टाकी मागायला. त्यांना वाटलं असेल, आता हा भाषणाची टाकी उघडणार.

माझ्याआधी चौघं बोलले. चौघांनीही ताईंच्या वेगाचं कौतुक केलं. ‘ताई पिशवी घेऊन निघाल्या की भिंतीला चिकटून उभं राहायचं, नाहीतर तुमचं काही खरं नाही,’ असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने तर उशी छातीशी धरून ताई कशा पळतात ते इथे करून दाखवलं. सभागृह खदखदून हसलं. ताईही हसल्या. मी हसलो नाही. शेजारच्याने मला कोपर मारून विचारलं, काय मास्तर, पोट बिघडलंय का?

पोट ठीक आहे. पण मला ताईंना एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला नऊ वर्षं उशीर झालाय, आणि उद्या सकाळच्या गाडीने त्या जाणार आहेत. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. ती ऐकल्यावर मघाशी हसलात त्याचं तुम्हाला कदाचित वाईट वाटेल. वाटून घेऊ नका. दोष तुमचा नाही. तो कोणाचा, तेच सांगायला मी उभा आहे.

ताईंच्या भगिनींसाठी आणि नव्या मंडळींसाठी आमचं काम आधी थोडक्यात सांगतो. साध्या एमआरआयमध्ये फुफ्फुस दिसत नाही. ते यंत्र शरीरातलं पाणी बघतं, आणि फुफ्फुसात असते हवा. त्यामुळे छातीच्या चित्रात फुफ्फुसांच्या जागी दोन काळी भोकं दिसतात. म्हणून आम्ही झेनॉन नावाचा गॅस वापरतो. त्याला रंग नाही, वास नाही. एरवी त्याचे अणू बाजारातल्या गर्दीसारखे वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. काचेच्या नळीत लेसरच्या प्रकाशात अर्धा तास ठेवले की त्यातले बरेचसे एका दिशेला तोंड करून उभे राहतात, शाळेतल्या कवायतीसारखे. असा गॅस एक लिटरच्या पिशवीत भरायचा. माणसाने तो तोंडातल्या नळीने छातीत ओढायचा आणि पंधरा सेकंद धरून ठेवायचा. तेवढ्यात चित्र निघतं. जिथे गॅस पोहोचला तिथे पांढरं, जिथे नाही पोहोचला तिथे काळं. माणसाचा श्वास कुठवर जातो आणि कुठे अडतो, हे डोळ्यांनी दिसतं.

आता यात मेख अशी, की ही कवायत टिकत नाही. पिशवी माझ्या खोलीतून निघाली की अणू हळूहळू रांग मोडायला लागतात. आमच्या बोलीत गॅस ‘विझतो’. लोखंडाच्या आसपास जरा लवकर विझतो. म्हणून पिशवी तळघरातून जिन्याने वर, मग लांब मार्गिकेतून लिफ्टवरून पुढे आणि यंत्राच्या खोलीत, अशी न रेंगाळता न्यावी लागते. ते काम ताईंचं. पिशवी न्यायची आणि आतल्या माणसाला श्वास घ्यायला लावायचा. “घ्या, घ्या, अजून घ्या... धरा. धरा, धरा. वाहवा. सोडा.” आयुष्यात कुणाचं न ऐकणारी माणसं ताईंचं ऐकून पंधरा सेकंद श्वास धरायची. एक निवृत्त पोलीस अधिकारी तर बाहेर येऊन म्हणाले होते, एवढ्या प्रेमाने मला कधी कुणी गप्प बसवलं नव्हतं.

पण पळणाऱ्या ताई या मूळच्या ताई नव्हेत. नव्या मंडळींना हे माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिली तीन वर्षं ताई पिशवी घेऊन चालायच्या, आणि वाटेत थांबायच्या. कुणी रडत बसलेलं दिसलं, थांबल्या. कुणाला रक्ततपासणीची खोली सापडेना, थांबल्या. मी खालून ओरडायचो, “ताई, ती गॅसची पिशवी आहे, भाजीची नव्हे!” त्यावर त्या म्हणायच्या, “मास्तर, तुमचा गॅस दोन मिनिटं थांबेल. तो माणूस घाबरलाय.”

मी चिडलो. म्हटलं, एकदा यांना खोटं पाडतोच. एका सुट्टीच्या दिवशी मी पिशवी भरली, मोजली, लिफ्टच्या लोखंडी दाराशी पाच मिनिटं धरून उभा राहिलो, खाली आणून पुन्हा मोजली. रांगेतले अणू तीस टक्के होते, एकोणतीस झाले. म्हणजे काहीच नाही. ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं! आता सांगा, हे मी त्यांना सांगेन? सांगितलं असतं तर त्या दहा मिनिटं थांबायला लागल्या असत्या. मी ते पोटात ठेवलं आणि कुणाला बोललो नाही. तेव्हा ती एक गंमत होती.

दुसरी एक आमची पद्धत सांगायला हवी. चित्र काळं आलं की डॉक्टरसाहेब पहिला प्रश्न रोग्याबद्दल विचारत नाहीत. ते माझ्याकडे बघतात आणि विचारतात, “पिशवी कशी होती?” मी आकडा सांगायचा. आकडा चांगला असेल तर काळं ते खरं काळं, म्हणजे रोग. आकडा पडलेला असेल तर चित्र रद्द, पुन्हा पिशवी. माझ्या शब्दावर दुसरा शब्द नाही. बारा वर्षांत कुणीही माझ्या मागे येऊन वही उघडून पाहिलेली नाही. एवढा विश्वास घरच्यांनीसुद्धा ठेवला नसता.

तर नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. रोग्यांच्या चित्रांशी ताडून बघायला आम्हाला दहा निरोगी माणसांची चित्रं हवी होती. नऊ मिळाली, त्यात एक ताई स्वतः. दहावं कोणी मिळेना. मी घरी जेवताना बोललो. माझी बायको शिवणाचे वर्ग घ्यायची. तिचं दिवसभर बोलणं आणि रात्री राहिलेलं बोलणं, असा आमचा संसार. ती म्हणाली, “म्हणजे मला नॉर्मल असल्याचं लेखी मिळणार? अहो, तुमच्याबरोबर पंचवीस वर्षं काढून नॉर्मल राहिलेली बाई बघायला डॉक्टर धावत येतील.” मी म्हटलं, चल. फुफ्फुसांबद्दल तर मला शंकाच नव्हती. बोलायला लागली की ही बाई मध्ये श्वास कधी घेते हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

त्या दिवशी पिशवी मी जरा जास्तच मन लावून भरली. घरचं माणूस ना! मोजली. एकतीस टक्के. तोवरच्या आमच्या सगळ्या पिशव्यांत वरचा आकडा. मी वहीत लिहिला, पिशवी ताईंच्या हातात दिली आणि मागच्या जिन्याने वर जाऊन डॉक्टरसाहेबांच्या मागे पडद्यासमोर उभा राहिलो. ताईंना यायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. मग काचेपलीकडून त्यांचा आवाज आला. घ्या, घ्या, धरा. धरा, वहिनी, धरा. सोडा.

झेनॉन जड असतो. तो छातीत असताना माणूस बोलला तर आवाज घोगरा, जाड येतो. आतून ध्वनिक्षेपकावर माझ्या बायकोचा आवाज आला, एखाद्या पहिलवानासारखा, “अहो, झालं का?” आणि तिलाच तिचं हसू आवरेना. ताई म्हणाल्या, “मास्तर, ऐकलंत का? पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वहिनी तुमच्याशी खालच्या पट्टीत बोलल्या!” दोघी आत हसत होत्या. आणि बाहेर चित्र आलं.

उजवं फुफ्फुस पूर्ण पांढरं. डावं वरून पांढरं आणि खाली, जवळजवळ तिसरा हिस्सा, काळं. कात्रीने कापून काढल्यासारखं.

डॉक्टरसाहेब वळले. त्यांनी विचारलं, “मास्तर, पिशवी कशी होती?”

मी म्हणालो, “चौदा.”

मंडळी, मी अजिबात अडखळलो नाही. मला स्वतःलाच नवल वाटलं. डॉक्टरसाहेब तेव्हा या कामात नवे होते, तरी त्यांनी विचारलं, गॅस कमी असेल तर सगळंच फिकं यायला हवं, एकच कोपरा का? मी म्हणालो, तळापर्यंत जाईतो विझला असणार, आणि हिने पिशवी पूर्ण ओढलेलीच नाही. ती रिकामी पिशवी थोड्या वेळाने माझ्याच हातात आली. चपटी होती. हिने शेवटच्या थेंबापर्यंत ओढली होती. डॉक्टरसाहेब, तुमची मान खाली गेलेली मला इथून दिसते आहे. वर करा. तुम्ही विचारलं होतंत. खोटं मी बोललो.

का बोललो? याचं उत्तर मी नऊ वर्षं शोधतोय आणि ते फार साधं आहे. मी घाबरलो. माझी पाचावर धारण बसली. आत ती हसत होती, आणि मी एकतीस म्हटलं असतं तर ते हसणं तिथेच थांबलं असतं. मला वाटलं, आज नको. आजचा दिवस जाऊ दे. पुढच्या आठवड्यात पुन्हा चित्र काढू, तेव्हा कदाचित काही नसेल. सर्दी असेल, कफ अडकला असेल. दुसऱ्यांच्या छातीतलं काळं मी तीन वर्षं बिनधास्त ‘खरं काळं’ म्हणून सांगत होतो, हो! घरचं आलं तेव्हा माझी जीभ फिरली.

पुढचा आठवडा आला तेव्हा मी म्हटलं, लेसर साफ करायचाय. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हटलं, हिच्या वर्गाची परीक्षा आहे. मग दहावी निरोगी व्यक्ती म्हणून वाचनालयातल्या एक बाई मिळाल्या आणि विषय संपला. हिला सांगितलं, यंत्र त्या दिवशी नीट चाललं नाही. ती म्हणाली, “बघा, मला बघून यंत्रसुद्धा बिघडलं.”

आता ताईंकडे येतो.

ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तळघरात आलात. तुम्ही खुर्चीवर बसलासुद्धा नाहीत. म्हणालात, “मास्तर, काल माझ्यामुळे वहिनींची पिशवी वाया गेली. लिफ्टपाशी एक आजोबा वाट चुकले होते, त्यांना बसवून देईपर्यंत दोन मिनिटं थांबले मी. चुकलंच माझं.”

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? ताई, दोन मिनिटांत गॅस विझत नाही, मी स्वतः मोजलंय, एवढं तरी म्हणायला हवं होतं. दुसरं काही सांगायचं धाडस नव्हतं, तर निदान एवढं. मी तुमच्याकडे न बघता नळ्या पुसत म्हणालो, “होतं असं कधीकधी. पुढच्या वेळी जपा.” मला सांगायला सोपं कारण हवं होतं आणि ते तुम्ही आयतं आणून दिलंत. मी वेळ मारून नेली. तुमच्या जिवावर.

त्यानंतर अकरा महिन्यांनी हिच्या खोकल्यातून रक्त पडलं. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. तिला नेलं त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी चित्रावर बोट ठेवलं, आणि मला ते बोट बघायची गरज नव्हती. ती जागा मला पाठ होती. ते म्हणाले, वर्षभर आधी कळलं असतं तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. जगली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. हे ‘सांगता येत नाही’ घेऊन मी रोज उठतो.

ताई, तुम्ही तिला भेटायला आलात. तिचा हात धरून रडलात. म्हणालात, “वहिनी, त्या दिवशी मी थांबले नसते तर चित्र नीट आलं असतं.” आणि ती, जिचं सगळं संपत आलं होतं ती, तुमची समजूत घालत होती. “अहो, वेड्या का खुळ्या! दोन मिनिटांनी काय होतं?” मी खोलीतच होतो. हातात चहाचा थर्मास होता. मी तो टेबलावर ठेवला, परत उचलला, पुन्हा ठेवला. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं.  तिने विचारलं, “तुम्ही बघितलं होतं?”

मी म्हटलं, “हो.”

“आणि मला म्हणालात, यंत्र बिघडलं.”

“हो.”

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. तो दिवस आणि दुसरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पंचवीस वर्षांत जिला कुणी गप्प करू शकलं नव्हतं, तिला मी केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुमच्यावर रागवायला आता माझ्याकडे वेळ नाही. असता तर सोडलं नसतं, हे लक्षात ठेवा.” मग थोडा दम घेऊन म्हणाली, “ताईंना सांगा. परवा आल्या होत्या तर पाच मिनिटं टेकल्या नाहीत. पूर्वी त्यांना उठवावं लागायचं. ती बाई पळायला लागलीय, तुमच्या लक्षात येतंय का?”

मी म्हटलं, सांगतो. तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. त्यानंतर ती पाच आठवडे होती.

आणि मी सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात म्हटलं, आत्ता नको, माझंच मन थाऱ्यावर नाही. सहा महिन्यांनी म्हटलं, आता जुन्या जखमेची खपली कशाला काढा? दोन वर्षांनी म्हटलं, त्या विसरल्या असतील. ताई, मला माहीत होतं तुम्ही विसरला नाही आहात. रोज सकाळी माझ्या हातातून पिशवी घेताना तुम्ही विचारता, “किती?” आणि मी आकडा सांगायच्या आत जिन्याच्या दिशेला वळलेल्या असता. चोराच्या मनात चांदणं. त्या पावलांचा आवाज ऐकला की मी खोलीचं दार लावून घ्यायचो.

चार वर्षांपूर्वी जिन्यावर पाय घसरून ताई पडल्या. मनगट मोडलं. पण दुसऱ्या हाताने पिशवी डोक्यावर उंच धरली होती, तिला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. त्याच हाताने पिशवी आत नेऊन, रोग्याला श्वास घ्यायला लावून, मग त्या हाड बसवून घ्यायला गेल्या. संस्थेने त्यांना मानपत्र दिलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मंडळी, ती कर्तव्यनिष्ठा नव्हती. ती शिक्षा होती, आणि ती दुसऱ्याची होती.

आणखी एक, मग आवरतं घेतो. गेल्या वर्षी लिफ्टपाशी एका म्हाताऱ्या बाईंनी ताईंना काहीतरी विचारलं. ताई न थांबता म्हणाल्या, “चौकशीच्या खिडकीवर विचारा.” मी जिन्यात होतो, मी ऐकलं. काम संपल्यावर रिकाम्या पिशव्या ठेवायला सामानाच्या खोलीत गेलो तर ताई तिथे कपाटाकडे तोंड करून रडत होत्या. मला बघून म्हणाल्या, “धूळ गेली डोळ्यात.” मी म्हणालो, “पुसायला सांगतो.” आणि खरंच खोली पुसायला सांगून आलो. असला माणूस आहे मी.

परवा मी आमच्या मुलीला हे सांगितलं. आईबद्दलचं तिला आधी कळायला हवं होतं, इतरांच्या आधी.  तिने टेबलावरचे कप उचलून धुतले. धुतलेलेच पुन्हा धुतले. जाताना म्हणाली, “कार्यक्रम किती वाजता आहे?” ती आज आली आहे. माझ्याजवळ बसलेली नाही. ताईंच्या मागच्या रांगेत बसली आहे. बरोबर जागा निवडली तिने.

अध्यक्ष महोदय, तुम्ही दोनदा घंटीकडे हात नेलात आणि मागे घेतलात, याबद्दल मी ऋणी आहे. एक गोष्ट नोंदवून ठेवतो. डॉक्टरांना मी चौदा सांगितलं, पण वहीत एकतीसच आहे. ते खोडायला माझा हात धजला नाही. बायकोशी खोटं बोललो, वहीशी नाही बोललो. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. ती वही उद्या सकाळी तुमच्या टेबलावर असेल. जो माणूस एकदा आकडा फिरवू शकला त्याच्या शब्दावर रोग्यांची चित्रं ठेवायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मी वाद घालणार नाही.

ताई, रडू नका. किंवा रडा, मी कोण सांगणारा? पण हे नीट ऐका. पिशवी एकतीस होती. तुम्ही यंत्रापाशी नेलीत तेव्हाही ती तीसच्या आसपास असणार. तुम्ही ज्यांच्यापाशी थांबलात त्या आजोबांमुळे काही झालं नाही. चित्र बिघडलं नव्हतंच. चित्र उत्तम आलं होतं. इतकं स्पष्ट चित्र त्या वर्षात आमच्याकडे दुसरं निघालं नाही. तुमचं काम तुम्ही चोख केलं होतंत आणि माझ्या बायकोला तिच्या आजाराची बातमी वेळेत मिळवून दिली होतीत. ती मी तिच्यापर्यंत पोचू दिली नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. ज्यांनी मला वेळ दिला त्यांचे, ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचे, आणि एका आनंदाच्या कार्यक्रमाचा मी असा विचका केला तरी उठून न गेलेल्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानतो. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं, ही विनंती.

ही विनंती सभागृहाला आहे. ताई, तुमची मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही ती लगेच, इथल्या इथे देऊन टाकाल, तुमचा स्वभावच तो. लोक टाळ्या वाजवतील आणि मी मोकळा होऊन घरी जाईन. तसं व्हायला नको. माझी बायको रागवायला हवी होती, तिला वेळ मिळाला नाही. तुम्हाला आहे. तिच्या वाटचंही तुम्ही रागवा. पत्र लिहून रागवा, फोन करून रागवा, मी उचलीन.

फक्त त्या दिवशी थांबलात याबद्दल स्वतःवर रागवू नका. नऊ वर्षं झाली, ताई. आता पुरे.